वय ४८, अंतर ५ किलोमीटर आणि पोटात गोळा

पाऊणशहाणी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पाककृतींच्या धाग्यांवर अधूनमधून डोकावते. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी नाशिकची. एका पतसंस्थेत हिशेब बघते, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीत. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी इथे ५ किमीची एक धाव आहे. लेकीने मला न विचारता माझं नाव घातलं, पैसे भरले, टी-शर्टचं माप एल टाकलं (एक्सएल हवं होतं, तो वेगळा विषय) आणि मग रात्री जेवताना सांगितलं. ती स्वतः १० किमी पळणार. म्हणजे मला सोबत कोणी नाही.

चालायची सवय आहे, रोज पाऊण तास. महिनाभर मधेमधे पळूनही बघतेय. पळून म्हणजे विजेच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत. पाय काही म्हणत नाहीत. डोकं म्हणतं.

आठवीत होते, १९९० साल असेल. क्रीडासप्ताहात आमच्या तुकडीतल्या एकीला ताप आला म्हणून तिच्या जागी मला २०० मीटरला उभं केलं. मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा, अंगात निळा स्कर्ट, पायात दोन नंबर मोठे पांढरे बूट. बाकीच्या मुली पोचून पाणी प्यायला गेल्या तरी मी वळणावरच. पुढच्या शर्यतीची मुलं रेषेवर उभी, माझ्यासाठी खोळंबलेली. पीटीचे सर भोंग्यावरून म्हणाले, "या, या. सावकाश या. घाई नाही." अख्खं मैदान हसलं. त्यानंतर मी बससाठीसुद्धा पळालेले नाही. पुढची पकडते.

तर प्रश्न असा, की अशा धावेत जो शेवटचा येतो त्याचं नक्की काय होतं? लेक म्हणते, "आई, कोणी बघत नसतं गं." मला ते पटत नाही. कृपया धीर देऊ नका, माहिती द्या.

पेठरोडकर | १७ नोव्हेंबर, रात्री १०:५२

पैसे भरलेत ना? मग पळा. धागा बंद.

गुळपोळी | १७ नोव्हेंबर, रात्री ११:१५

पेठरोडकर, तुम्ही प्रत्येक धागा दुसऱ्या मिनिटाला बंद करता.

पाऊणशहाणी ताई, पीटीच्या सरांचं वाचून पोटात कालवलं. मी पुण्यात पळते, सहा वर्षं झाली. पहिले चार महिने पहाटे पाचला, अंधार असताना पळायचे, तेही ट्रॅकपँटवर नवऱ्याचा ढगळ सदरा घालून. उजाडायला लागलं की चालायला लागायचे. कोणी दिसलं की थांबून मोबाइल काढायचे, जणू फोनच आलाय. हे सगळं मी एकटीच करते असं वाटायचं. मग कळलं की आमच्या टेकडीवरच्या निम्म्या बायकांचे असे फोन येऊन गेलेत.

"कोणी बघत नसतं" हे मलाही पटत नाही. बघतात. फक्त लगेच विसरतात.

तिरकाठी | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. ५ किमीला मॅरेथॉन म्हणणं म्हणजे वडापावला थाळी म्हणणं. त्यात एक टी-शर्ट, एक पत्र्याचं पदक, एक केळं आणि रस्ताभर प्लास्टिकच्या बाटल्या. बाई रोज पाऊण तास फुकट चालतायत ते उत्तम आहे. पैसे देऊन न्यूनगंड का विकत घ्यायचा?

पाऊणशहाणी | १८ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मी मॅरेथॉन म्हटलेलं नाही हो, धाव म्हटलंय. पण न्यूनगंड विकत घ्यायचा हे आवडलं. सध्या उधारीवर वापरतेय.

चकलीचा_सोऱ्या | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

माहिती मागितलीत, म्हणून माहिती देतो. मी पळत नाही. पाच-सहा वर्षं ठाण्या-मुंबईकडच्या धावांमध्ये पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. शेवटचा माणूस मी जितक्या जवळून पाहिलाय तितका इथल्या कुठल्याच पळणाऱ्याने पाहिलेला नसेल.

पुढचे पहिले पन्नासेक जण पेला घेतच नाहीत, किंवा पळतापळता हिसकावून निम्मं पाणी आमच्या अंगावर सांडतात. मग मोठा लोंढा येतो, तेव्हा कोणाचा चेहरा दिसत नाही, नुसते हात दिसतात. नंतर रस्ता रिकामा होतो आणि शेवटचे वीस-तीस जण येतात. ते थांबतात, पाणी पितात, "थँक्यू दादा" म्हणतात, एखादी बाई विचारते "अजून किती राहिलं?" त्यांच्या मागे सायकलवर एक पोरगा, त्याच्यामागे रुग्णवाहिका, त्यामागे कचरा गोळा करणारी गाडी. आम्ही त्यांच्यासाठी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतो, कारण ते गेले की टेबल उचलायला आम्ही मोकळे. पहाटे साडेतीनपासून उभे असतो हो.

लांबच्या शर्यतींना वेळेची मर्यादा असते, ती उलटली की मागून बस येते आणि बसवून घेते. ५ किमीला सहसा तसं काही नसतं. चालत गेलात तरी तासाभरात पोचाल.

तिरकाठी | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:५१

म्हणजे टाळ्या "जा एकदाच्या" या अर्थाच्या.

चकलीचा_सोऱ्या | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:५८

निम्म्या तशा. निम्म्या खऱ्या. कुठल्या कुठल्या ते आम्हालाही कळत नाही.

लंडनचा_जावई | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

इकडे पार्करन नावाचा प्रकार आहे. दर शनिवारी सकाळी ९ ला, बागेत, ५ किमी, फुकट. २००४ साली २ ऑक्टोबरला लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण पळाले तिथून सुरुवात. आता जगभर चालतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पद्धतीतच बसवून टाकलंय. प्रत्येक ठिकाणी एक 'टेल वॉकर' असतो, म्हणजे स्वयंसेवकच, पण त्याचं काम सगळ्यांच्या मागून चालत येणं. शेवटचा नंबर त्याचा. बाकी कोणीही शेवटचा येऊच शकत नाही.

हे काम मी दोनदा केलंय. एकदा पावसात एक सत्तरीच्या बाई आणि त्यांचा लंगडा कुत्रा यांच्या मागे. बाई सारख्या मागे वळून "सॉरी" म्हणत होत्या. मी म्हटलं, सॉरी कसलं, तुमच्यामुळे मला काम आहे. सासरेबुवा इकडे आले होते तेव्हा त्यांनाही नेलं. ते साडेतीन किलोमीटरवर बाकावर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही व्हा पुढे." पुढे कसा होणार? त्या दिवशी शेपूट मीच होतो.

अण्णा_सटाणेकर | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

वय ६६. एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. नाशिक, सटाणा, मालेगाव मिळून ११ धावा झाल्या. एकदा शेवटून तिसरा आलो, तो माझा नीचांक.

ताई, दोन गोष्टी. एक, उभं राहताना सगळ्यात मागे उभं राहायचं. पुढे उभं राहिलं की पहिले पाच मिनिटं माणसं दोन्ही बाजूंनी सपासप पुढे जातात आणि जीव बारीक होतो. मागून सुरुवात केली की आपल्या मागे कोणीच नसतं, म्हणजे आपल्याला कोणी ओलांडू शकत नाही. उलट पुढच्या एकदोघांना आपणच गाठतो. छातीवरच्या क्रमांकाला चिप असली तर तुमची वेळ तुम्ही रेष ओलांडल्यापासून मोजतात, त्यामुळे मागे राहून काही तोटा नाही.

दोन, सुरुवातीला जितकं हळू पळावंसं वाटेल त्याच्याहून हळू पळा. शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

खवय्या४१६ | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

नाशिकमध्ये रविवारी सकाळी पळून झाल्यावर मिसळ कुठे खाणार, हे अजून कोणीच विचारलेलं नाही. हा धागा नाशिककरांचा आहे ना?

पेठरोडकर | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:२४

गंगापूर रोडला चुलीवरची. पापड, दही, दोन पाव, वरून रस्सा हवा तितका.

तिरकाठी | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

ढोबळ हिशेब असा की किलोमीटरमागे, शरीराच्या किलोमागे एक कॅलरी. सत्तर किलोच्या माणसाचे ५ किमीला ३५०. रस्सा दुसऱ्यांदा घेतलात की सगळं परत खात्यात जमा.

खवय्या४१६ | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:४३

तिरकाठी, तुम्हाला कधी कोणी लग्नाला बोलावतं का हो? (दिवे घ्या)

*(मिसळीवरचे पुढचे १४ प्रतिसाद संपादक मंडळाने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)*

शिरोधारा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी डॉक्टर आहे, इथे वैयक्तिक सल्ला देत नाही. सगळ्यांसाठी म्हणून एवढंच. चाळिशीनंतर पळायला लागायचं असेल आणि रक्तदाब, साखर, हृदयविकाराचा घराण्यातला इतिहास किंवा चढ चढताना छातीत दाटणं यांपैकी काही असेल, तर आधी तपासून घ्या. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा. "एवढंच राहिलंय" म्हणून पुढे जाऊ नका.

दुसरं, "पळून गुडघे झिजतात" असं आता कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगते. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा मिळून एक मोठा आढावा निघाला. त्यात हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण साडेतीन टक्के होतं आणि न पळणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. स्पर्धेसाठी जीव तोडून पळणाऱ्यांमध्ये मात्र तेरा टक्के. आता, ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात असंही असू शकतं, त्यामुळे पळणं हे औषध आहे असं मी म्हणणार नाही. पण ५ किमीने गुडघे जातात, हे खरं नाही.

मैनाराणी | २० नोव्हेंबर, सकाळी ११:००

अहो ताई, बारामतीच्या लता करे आठवा! साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या उपचाराला पैसे नाहीत, नऊवारी नेसून अनवाणी पळाली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. आणि आपण बूट घालून घाबरतो! आपल्या नाशिक जिल्ह्याची कविता राऊत बघा, सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरून निघून २०१० च्या राष्ट्रकुलात १० हजार मीटरला कांस्य. माणची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत, जगात दहावी. मनात आणलं तर काय अशक्य आहे?

गुळपोळी | २० नोव्हेंबर, सकाळी ११:२५

मैनाराणी, राग मानू नका, पण लता करेंची गोष्ट सांगून कोणाची लाज काढू नये असं मला वाटतं. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. पाऊणशहाणी ताई घरी बसल्या तरी त्यांचं काही अडत नाही. त्यांची भीती तिथूनच येते. गरजेपोटी पळणाऱ्याला कोणी हसत नाही. हौसेने पळणाऱ्या बाईला "काय गरज आहे?" असं सगळेच विचारतात.

आणि कविता राऊत आणि आपण हे एका वाक्यात आणू नका हो. आपण पळतो तो निराळाच खेळ आहे.

मैनाराणी | २० नोव्हेंबर, दुपारी १२:१०

लाज काढायचा हेतू नव्हता. पण मुद्दा कळला.

जुनी_वही | २० नोव्हेंबर, रात्री १०:०५

गुळपोळींच्या "काय गरज आहे" वरून आठवलं. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून मैदानावर बसल्या, वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून छापलं, आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद! पुरुषही दमून पडत, त्यांची ८०० मीटर मात्र कधी बंद झाली नाही. १९६७ ला कॅथरीन स्वित्झर बॉस्टन मॅरेथॉनमध्ये के. व्ही. स्वित्झर अशा नावाने उतरली, तर एका आयोजकाने भर रस्त्यात तिच्या अंगावरचा २६१ क्रमांक ओढायचा प्रयत्न केला. त्याचे फोटो जगभर गेले. आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं.

ताई, तुमच्या त्या २०० मीटरच्या जेमतेम सहा वर्षं आधी. तुमचे पीटीचे सर कधी शिकले असतील याचा हिशेब करून बघा. त्यांना माफ करा असं म्हणत नाही. पण भोंग्यामागे नुसते सरच नव्हते.

अर्धविराम | २१ नोव्हेंबर, रात्री १:२०

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. हे कोणाला सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनला नाव घातलं होतं. सहा किलोमीटरसुद्धा भरत नाही, त्यात माणसं ढोलताशे घेऊन, गणपती, झाशीची राणी, भाजीवाला असे वेश करून नाचत जातात, वेळ कोणी मोजत नाही. म्हणजे ज्यात नापास होताच येत नाही अशी गोष्ट. ऑफिसातले आम्ही सहा जण होतो. मी बिब (छातीवर लावायचा क्रमांक) आणलं, टी-शर्टला लावलं, खुर्चीच्या पाठीवर टांगलं. पहाटे गजर झाला. बंद केला. दुसरा झाला, तोही बंद केला. मग उताणा पडून पंख्याकडे बघत राहिलो. पाय दुखत नव्हते, ताप नव्हता. माझं वजन तेव्हा ११२ किलो. डोळ्यांपुढे एकच चित्र, सगळे फोटो काढतायत आणि मी कडेला उभा, पोट आत ओढून. ग्रुपवर "पोट बिघडलं" असं टाकलं आणि फोन पालथा ठेवला. दुपारी त्यांचे फोटो आले. खरंच छान होते. ऑफिसातला सगळ्यात जाडा माणूस मी नव्हतोच, हेही त्या फोटोंत दिसलं.

बिब अजून कपाटात आहे, चारही पिना लावलेल्या. टाकवत नाही.

ताई, तुम्ही माहिती मागितली होती. न गेलेल्याचं काय होतं ती माहिती माझ्याकडे आहे. शेवटच्याचं काय होतं ते मला माहीत नाही.

लंडनचा_जावई | २१ नोव्हेंबर, पहाटे ३:१५

मित्रा, कधी इकडे आलास तर सांग. शेपटाची जागा आहे.

पाऊणशहाणी | २३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. अर्धविराम, तुमचा चार वेळा.

आज सकाळी कॉलनीच्या मागच्या रस्त्याला गेले. गोल्फ क्लबच्या मैदानावर जायची हिंमत नाही, तिथे सगळे पळणारेच असतात. चार खांब पळायचं, एक खांब चालायचं, असं करत तीन किलोमीटर झाले. अण्णा म्हणाले तसं बोलता येतंय का बघायला रामरक्षा म्हटली. तिसऱ्या श्लोकाला धाप लागली, वेग कमी केला.

परत येताना समोरच्या इमारतीतल्या वहिनी दूध घेऊन येत होत्या. मला पळताना बघून त्यांनी घाबरून विचारलं, "काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "ठीक आहे, पळतेय." त्या म्हणाल्या, "कुठे?"

पेठरोडकर | २३ नोव्हेंबर, रात्री ८:५०

हाहाहा. "कुठे?"

अण्णा_सटाणेकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

मला एकाने विचारलं होतं, "अण्णा, गाडी चुकली काय?" चाळीस वर्षं मीच गाडी सोडायचो.

तीन झाले म्हणजे पाच होतात. आदल्या दिवशी नवीन बूट, नवीन मोजे, नवीन खाणं काही नको. पायाची नखं दोन दिवस आधी कापा, त्याच दिवशी नको. सकाळी निघायच्या आधी जमलं तर पोट साफ, नाही जमलं तर तिथल्या फिरत्या शौचालयाची रांग लवकर धरा. आणि अर्धा पेला पाणी. लोटाभर नको.

तिरकाठी | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

टी-शर्ट एक दिवस आधी मिळतो. तो नवीनच असणार. अण्णा, यावर काय उपाय?

अण्णा_सटाणेकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

धुवायचा. आणि तुम्ही पळता हे कळलं. न पळणाऱ्याला टी-शर्ट कधी मिळतो हे ठाऊक नसतं.

तिरकाठी | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

पळायचो. दोन अर्ध्या मॅरेथॉन झाल्यात. मग पाठीचं निघालं. असो.

पाऊणशहाणी | १३ डिसेंबर, रात्री ११:५०

जागं कोणी आहे का? टी-शर्ट एल आहे आणि एलच आहे. आत ओढणी कोंबल्यासारखी दिसतेय मी. लेक दहालाच घोरायला लागली. तीन गजर लावलेत. मला नाही जायचं.

गुळपोळी | १३ डिसेंबर, रात्री ११:५३

तुमचा जुना कुर्ता घाला आणि बिब कुर्त्याला लावा. टी-शर्ट सक्तीचा नसतो. झोपा.

चकलीचा_सोऱ्या | १३ डिसेंबर, रात्री ११:५८

पाण्याच्या टेबलावरची मंडळी एव्हाना झोपलीसुद्धा. त्यांना तीनला उठायचंय. तुम्ही नाही गेलात तर त्यांचा एक पेला वाया जाईल, बाकी काही नाही.

अर्धविराम | १४ डिसेंबर, रात्री १२:३१

गजर बंद करू नका. बाकी काहीही करा.

पाऊणशहाणी | १४ डिसेंबर, दुपारी २:१५

गेले.

कुर्ता घालून गेले, फिकट पिवळा, कोपरावर हळदीचा डाग असलेला. साडेसहाला गोल्फ क्लबपाशी अशी थंडी की तोंडातून वाफ निघत होती. पळायच्या आधी झुंबा होता, मंचावर एक मुलगी सगळ्यांना नाचायला लावत होती. त्याची कल्पना इथे कोणीच दिली नव्हती! मी झाडामागे गेले. तिथे आधीच सात-आठ जण उभे होते.

अण्णा, सगळ्यात मागे उभी राहिले. पहिल्या मिनिटात सगळे गेले आणि त्र्यंबक रोडवर मी, एक आजोबा आणि वडिलांबरोबर आलेला आठेक वर्षांचा मुलगा एवढेच उरलो. पोटात गोळा आला. पण मायको सर्कल येईपर्यंत पुढची पंधरा-वीस माणसं चालायला लागली होती. मी आपली चार खांब पळत होते, एक खांब चालत होते. तो मुलगा मला ओलांडून जायचा, दुभाजकावर बसायचा, मी पुढे गेले की परत ओलांडून जायचा. असं पाच वेळा. पाण्याच्या टेबलावर थांबून "थँक्यू दादा" म्हटलं, सोऱ्यांची आठवण काढून. अडीच किलोमीटरला वळून परत यायचं होतं. वळल्यावर समोरून येणारे दिसतात, म्हणजे आपल्या मागे असलेले. मी मोजले. सव्वीस.

आता जे सांगायचं नव्हतं ते. शेवटच्या शंभर मीटरवर कमान दिसायला लागली आणि भोंग्यावरचा माणूस ओरडला, "या, या, या मॅडम, पिवळा कुर्ता!" माझे पाय थांबले. खरंच थांबले. मी खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी सुटलेलीच नव्हती. मी ती सोडली आणि परत बांधली. मागच्या त्या आजोबांनी मला ओलांडलं. मग लेकीचा आवाज आला, "आई, नाडी नंतर बांध गं!" तिचे दहा किमी केव्हाच झाले होते, हातात माझी शाल घेऊन उभी होती. उठले आणि गेले. ४७ मिनिटं, त्यातलं एक नाडीचं.

पदक घेतलं, केळं घेतलं, पण घरी गेले नाही. कमानीपाशीच उभी राहिले, शेवटचं कोण येतं ते बघायला. पंचवीस मिनिटं थांबले. सायकलवाला पोरगा दिसला, मागे रुग्णवाहिका दिसली आणि त्यांच्या पुढे एक बाई. चाळिशीची असेल, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, चालत होती. कानाला फोन. भोंगेवाला तिलाही "या, या" करत होता, तिचं लक्षच नव्हतं. माझ्या समोरून जाताना ऐकू आलं, "हो रे, तीन झाल्या की बंद कर, आणि वरणाला तू हात लावू नकोस, मी आल्यावर फोडणी देते." तशीच रेषेवरून गेली. पोरांनी पदक गळ्यात घातलं तेव्हा एका हाताने फोन सावरत तिने मान वाकवली. पोहे संपले होते. तिला दोन केळी दिली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

खवय्या४१६ | १४ डिसेंबर, दुपारी २:२०

अभिनंदन! मिसळ?

पाऊणशहाणी | १४ डिसेंबर, दुपारी २:२४

झाली. रस्सा दोनदा. तिरकाठींनी हिशेब करू नये.

तिरकाठी | १४ डिसेंबर, दुपारी २:४०

करत नाही. अभिनंदन. पहिल्या वेळेला ४७ मिनिटं चांगली आहेत, नाडी धरूनसुद्धा.

अण्णा_सटाणेकर | १४ डिसेंबर, दुपारी ४:०५

ते आजोबा काळी कानटोपी घातलेले होते का?

पाऊणशहाणी | १४ डिसेंबर, दुपारी ४:१०

हो! अण्णा, तुम्ही?!

अण्णा_सटाणेकर | १४ डिसेंबर, दुपारी ४:१२

मी म्हटलं, ही पोर रामरक्षा म्हणत पळतेय, म्हणजे आपलीच दिसते. विचारायला धजलो नाही. मलाही बोलता येत नव्हतं.

लंडनचा_जावई | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

अण्णा!! धाग्याचं सार्थक झालं.

अर्धविराम | १४ डिसेंबर, रात्री ११:४०

फेब्रुवारीत ठाण्यात एक ५ किमी आहे. अर्ज अर्धा भरून ठेवलाय. नाव, वय, रक्तगट झालं. पैसे भरायच्या पानावर आहे.

पेठरोडकर | १४ डिसेंबर, रात्री ११:४२

पैसे भरा. धागा बंद.

पाऊणशहाणी | १४ डिसेंबर, रात्री ११:४९

अर्धविराम, टी-शर्टचं माप एक मोठं टाका.